नावाची जागा कोरी

मन्मथ विरप्पा साखरे.

सर, तुमचं नाव मी आजवर कितीतरी कागदांवर लिहिलं, पण दर वेळी त्याच्या आधी 'मार्फत' असायचं. शिष्यवृत्तीचा अर्ज तुमच्या मार्फत, वसतिगृहाचा तुमच्या मार्फत, नोकरीचा पहिला अर्जही तुमच्याच मार्फत. आज पहिल्यांदा ते नाव एकटं लिहिलं आणि पुढं पेन हलेना. आमच्या भोयांच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. ती कुणामुळे चढलो असं कुणी विचारलं, तर माझी माय नाव घेत नाही. नुसतं 'अप्पा' म्हणते, आणि तेवढ्यावर ऐकणाऱ्याला कळतं.

परवा चुडाव्याला, तुमच्या गावी, तुम्हाला तुमच्याच शेतात बसवलं. तुमच्या लिंगायत लोकांत जाळत नाहीत, मांडी घालून मातीत बसवतात, हे मला ऐकून माहीत होतं. पाहिलं पहिल्यांदाच. कपाळभर विभूती, मांडीवर बेलाची पानं, आणि गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर ठेवलेलं. प्रयोगशाळेत माशावर वाकताना जे तुम्ही न चुकता सदऱ्याच्या आत सरकवायचात, तेच. शिवानंदनं, तुमच्या मुलानं, मला गर्दीतून पुढं बोलावलं आणि माझ्या ओंजळीत मीठ आणि विभूती दिली. मी ती सोडली. ते पांढरं खाली पडताना मला जे आठवलं, ते तिथं कुणाला सांगता आलं नसतं. तुम्हाला सांगतो. मला आमच्या तलावाकाठचा खड्डा आठवला, आणि त्यात आपण दोघांनी टाकलेला चुना.

तुम्ही गेलात, आणि आपलं भांडण तसंच राहिलं. त्यासाठीच हे लिहायला बसलोय.

पण आधी ते वहीचं सांगतो, कारण सगळं तिथून सुरू झालं. दुसऱ्या वर्षाला मी प्रयोगाची वही तुमच्यापुढं ठेवली. पुस्तकातली इंग्रजी वाक्यं सुवाच्य अक्षरात उतरवलेली. तुम्ही पानं उलटली आणि विचारलं, "हे कळलंय का तुला?"

"हो सर."

"मग तुझ्या मायला सांग."

"माय अडाणी आहे सर."

"मग तर बेस. तिला कळलं तर तुला कळलं. आधी मराठीत लिही, तिच्यासाठी. इंग्रजी मागून होतं."

वर्गात पोरं हसली. मला वाटलं, तुम्ही माझी टर उडवली. खरंच मायला कळेल असं लिहायला लागलो तेव्हा लक्षात आलं, की मला त्यातलं काहीच कळलेलं नव्हतं. पुढं मी तुमच्याच प्रयोगशाळेत नोकरीला लागलो, तरी हा नियम सुटला नाही. तिथं कुठलीही गोष्ट आधी मायसाठी लिहिली जायची, मग जगासाठी. आज हा मजकूर मी मराठीत लिहितोय, तो काही वेगळा विचार करून नाही. मला दुसऱ्या कुठल्या रीतीनं खरं लिहिता येत नाही.

आमच्या तलावावर मासे मरायला लागले त्या थंडीत किसनमामा स्वतः परभणीला कॉलेजात आला. मामा म्हणजे मायचा भाऊ, आमच्या मच्छीमार सोसायटीचा चेअरमन. झरीच्या पलीकडं आमचं गाव, गावाला तलाव, आणि तलावावर आम्हा भोयांची घरं जगतात. रोहू, कटला, मृगळ पाळायचे, परभणीच्या बाजारात विकायचे, आणि उरलेली बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिलं, आसपासच्या तलाववाल्यांना द्यायची. मामानं ओल्या गोणपाटात गुंडाळून आणलेला रोहू तुमच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "अप्पा, रोज मरायलेत. गरगर फिरायलेत अन् मरायलेत. कुणीतरी फवारणीचं औषध टाकलंय बघा पाण्यात."

तुम्ही लिंग आत सरकवलं, चष्मा वर केला, आणि मासा उलटा केला. पोट फुगलेलं, डोळे बाहेर आलेले, खवल्यांखाली लाल ठिपके. तुम्ही हातमोजे घालत नव्हता त्या दिवसांत. वास घेतलात. मामाला ते बघून राहवलं नाही.

"अप्पा, तुमी तर खात न्हाईत. मंग आमचा मासा मेला काय अन् जगला काय, तुमचं काय जायलंय?"

"खात नाही म्हणून तर त्याच्या जिवाची काळजी हाय मला. तुला तुझ्या जेवणाची."

मामा हसला. महिनाभरातलं त्याचं ते पहिलं हसणं होतं, असं मामी नंतर म्हणाली.

औषध नव्हतं ते. औषध असतं तर बेडकंही मेली असती, आणि कटला-मृगळही मेले असते. मरत होते ते फक्त रोहू. पाण्यात हवा कमी पडली म्हणावं तर थंडीचे दिवस, गार पाण्यात हवा भरपूर. माशांच्या अंगावर उवा नव्हत्या. जिवाणू सापडले, पण प्रत्येक माशात वेगळे. तेव्हा तुम्ही म्हणालात, "दत्ता, आता गाळून बघू."

त्या कामाचं वर्णन मी मायसाठी लिहिलं होतं, ते असं. मेलेल्या माशाची प्लीहा आणि मूत्रपिंड खलात वाटायचं, मिठाच्या पाण्यात कालवायचं, आणि ज्या गाळणीतून जिवाणूसुद्धा पार होत नाहीत अशा गाळणीतून गाळायचं. खाली जे नितळ पाणी येतं त्यात डोळ्याला, सूक्ष्मदर्शकालाही, काही दिसत नाही. ते पाणी पिंगळीच्या तलावातून आणलेल्या धडधाकट रोहूंना टोचायचं. तसंच पाणी उकळून दुसऱ्या हौदातल्या रोहूंना टोचायचं. उकळलेलं टोचलेले जगले. न उकळलेलं टोचलेले गरगर फिरले आणि मेले. त्यांची प्लीहा काढून पुन्हा तेच केलं. पुन्हा मेले.

माय ऐकून म्हणाली, "म्हंजी दिसत न्हाई, पण हाय."

"हाय."

हे आपण कसल्या अवस्थेत केलं, हे बाहेरच्यांना सांगून पटायचं नाही. मोठ्या ठिकाणी विषाणू जिवंत पेशींवर वाढवतात. आपण पेशी वाढवल्या की त्यांच्यावर बुरशी चढायची. दुपारी वीज गेली की फ्रीज कोमट. मग मी सायकलवर बर्फाच्या कारखान्यात जायचो आणि थर्मासमध्ये बर्फ भरून आणायचो. आपला विषाणू बर्फाच्या गाडीवाल्याच्या मर्जीवर जगतोय, असं तुम्ही म्हणायचात. काकू तुम्हाला अंगणातल्या नळावर आंघोळ केल्याशिवाय घरात घेत नसत. "लिंगायताच्या घरात मासळीचा वास, शेजारचे काय म्हणतील!" आणि तुम्ही थंडीत कुडकुडत म्हणायचात, "त्यांना सांग, धंदा बदलला."

पुण्याला पाठवलेल्या नमुन्याचा फोटो रजिस्टर पोस्टानं आला, तो दिवस मला तुमच्या चेहऱ्यासकट आठवतो. काळ्या-करड्या धुरकट कागदावर बंदुकीच्या गोळीसारखे आकार. एक टोक गोल, एक सपाट. तिथल्या शास्त्रज्ञांनी चिठ्ठीत लिहिलं होतं, की रोहूत असा विषाणू त्यांच्या माहितीत कुणी नोंदवलेला नाही. तुम्ही फोटो खिडकीशी धरला, बराच वेळ. मग म्हणालात, "तू होय रे!" जसं दारात उभ्या राहिलेल्या चोराला म्हणावं तसं.

मी तर हवेत होतो. त्याच दिवशी मी म्हणालो, "सर, आपण याला आमच्या गावाचं नाव देऊ. जिथं सापडला त्या गावाचं नाव द्यायची पद्धतच आहे." माझ्या डोळ्यांपुढं जगभरच्या पुस्तकांत छापलेलं आमच्या गावाचं नाव होतं. ज्या गावाचं नाव झरीच्या पुढं कुणाला माहीत नाही, ते.

तुम्ही विचारलं, "गावाला विचारलंस?"

मी त्या रविवारी गावी गेलो आणि पारावर सगळ्यांपुढं फोटो दाखवला. मामानं तो उलटसुलट केला.

"ह्यो मारायलाय व्हय आमचे मासे?"

"हो मामा. आणि याला आपल्या गावाचं नाव द्यायचं म्हणतोय मी."

मामानं फोटो माझ्या हातात परत दिला. "लय शिकलास बाबा तू. रोगाला गावाचं नाव! उद्या बाजारात टोपलं उतरवलं की गिऱ्हाईक म्हणंल, आलं बघ रोगाचं गाव. मंग आमी काय, फोटो विकावं का?"

सगळे हसले, पण मामा हसला नाही. मी परत येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "या मुलखाला नाव म्हणजे काय ते कुणी सांगायला नको, दत्ता." तेव्हा विद्यापीठाच्या नामांतराचे मोर्चे रस्त्यावरून जायचे, बाजूचे आणि विरोधातले. नावापायी घरं जळालेली तुम्ही पाहिली होती. मी विषय सोडला. शोधनिबंधाच्या कागदात 'परभणी जिल्ह्यातील एक तलाव' असं लिहायचं ठरलं. ते ठरलं तेव्हा बरोबरच होतं.

मग बाकीचे गुणधर्म एकेक करून मिळाले. क्लोरोफॉर्म घातला की मरतो, म्हणजे त्याच्या अंगावर चरबीचं आवरण आहे. आंबटपणा सोसत नाही. सुकवला की मरतो. थंड पाण्यात वाढतो, पाणी तापलं की दबून बसतो. हे सगळं मी मायला वाचून दाखवलं. तिनं मन लावून ऐकलं, आणि शेवटी विचारलं, "मंग इलाज काय?"

"इलाज नाही माय."

"येवढं समदं कळलं, अन् इलाज न्हाई?"

मी तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही खुर्चीत मागं टेकलात. "तुझी माय परीक्षक म्हणून बसली ना, तर आपण दोघंही नापास."

पाणी तापलं आणि मरणं थांबलं. फाल्गुनात एकही मासा तरंगला नाही. गावात आनंद झाला. आपल्याला मात्र माहीत होतं, की तो गेलेला नाही, दबलाय. आपण वाचलेले रोहू आणून पिंगळीच्या धडधाकट रोहूंबरोबर एका हौदात सोडले आणि बर्फाच्या लाद्यांनी पाणी थंड ठेवलं. वाचलेल्यांना काही झालं नाही. पिंगळीचे मेले. म्हणजे वाचलेला प्रत्येक मासा तो अंगात घेऊन फिरत होता. तलावातले सगळे रोहू काढून पुरायचे, तलाव उन्हाळाभर सुकवायचा, चुना मारायचा, एवढाच मार्ग होता. मामाला हे सांगायला तुम्ही स्वतः गेलात, मला पाठवलं नाहीत.

"जित्ते मासे पुरायचे?" मामा म्हणाला. "अप्पा, दिसायला तर ठणठणीत हायेत."

"दिसायला ठणठणीत हायेत, किसनराव. तेच वाईट हाय."

मामानं ऐकलं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, विकून मोकळे होऊ. मामानं एक बोटुकली गावाबाहेर जाऊ दिली नाही. बायकांनी तोंडाला पदर लावला, माणसं जाळी ओढत राहिली, आणि खड्ड्यात जिवंत रोहू उडत होते. त्यांच्यावर आपण चुना टाकला. तुमच्या पांढऱ्या सदऱ्यावर, मिशीवर चुना. तुम्ही सारखं पुटपुटत होता. मंत्र होता की आणखी काही, मी विचारलं नाही. आता विचारता येणार नाही.

आणि मग, आठवड्याभरात, मामा आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून प्रयोगशाळेत आला. हातात फडक्यात नारळाची खांडं आणि गूळ. चेहरा मोकळा.

"घ्या अप्पा, परसाद. नवस फेडून आलो."

"कसला नवस?"

"आसरांचा. पाण्यातल्या देवी हायेत आमच्या. थंडीतच बोललो हुतो, की मरण थांबलं तर तळ्यातले रोहू जोडीजोडीनं जित्ते तुज्या पाण्यात सोडीन. थांबलं की मरण! ते पुरायच्या दिवशी ठेवले हुते मी बाजूला घागरीत, चांगले धडधाकट बघून. आज सोडले, वाजत गाजत."

तुम्ही विचारलं, "कुठं सोडले?"

"दुधनेत. डोहापाशी ठाणं हाय न् त्यांचं."

सर, तुम्ही तेव्हा काय केलंत ते मी कितीदा आठवलंय. तुम्ही हात पुढं केला, प्रसाद घेतलात, डोळ्यांना लावलात आणि खाल्लात. "बरं झालं, किसनराव," असं म्हणालात. मामा तुमच्या पाया पडला आणि गेला. आपण त्याला सांगितलं होतं, विकू नको, खाऊ नको, देऊ नको. पण कुणी मासा देवाला देईल, हे तुम्ही लिंगायत, तुम्हाला सुचलं नाही. आणि ज्या दिवशी पाणी तापून मरण थांबलं त्या दिवशी आमच्या लोकांना देवी पावली, हे ऐकायला आपण दोघंही गावात नव्हतो.

मी चिडलो होतो. "सर, तुम्ही त्याला बोलला का नाहीत?"

"काय बोलू? बोललो असतो तर परत काढून आणता आले असते का?"

"पण त्याला कळायला तरी..."

"कळून काय करील तो? आयुष्यभर झोपणार नाही." तुम्ही नळाखाली हात धरलात आणि पाणी वाहू दिलंत. "त्यानं आपलं सगळं ऐकलं, दत्ता. आपलंही ऐकलं आणि देवीचंही."

त्या दिवसापासून आपण दोघांनी जागा बदलल्या. आता तुम्ही म्हणू लागलात, नाव द्यायला हवं. दुधना नदी पुढं पूर्णेला मिळते, पूर्णा गोदावरीला. खालच्या गावांत, तळ्यांत, नदीतून मासे आणून सोडणारे लोक आहेत. उद्या तिथं रोहू गरगर फिरायला लागले तर त्यांना कळायला नको, कुठून आलं, काय आहे? 'एक तलाव' म्हटल्यानं कुणाला काय कळणार? आणि मी, ज्याला जगभरच्या पुस्तकांत गावाचं नाव हवं होतं, तो म्हणू लागलो, नको. नाव छापलं की नदीकाठचा प्रत्येक जण आमच्या दारात येणार. मामानं घरचं सगळं मातीत घातलं, आणि वर हा ठपका त्याच्याच कपाळी?

"तुला मामा दिसतोय," तुम्ही म्हणायचात.

"तुम्हाला नदी दिसतेय," मी म्हणायचो.

"दोन्ही हायेत रे. मला तरी कुठं सुटलंय?"

पुढच्या थंडीत तुम्ही नदीच धरली. सुट्टी मिळाली की सायकली काढायच्या आणि दुधनेच्या काठानं खाली जायचं. नामांतर झालं त्या आठवड्यातही आपण निघालो. एस.टी.चा भरवसा नव्हता, चौकाचौकात पोलीस. एका पुलापाशी हवालदारानं अडवलं.

"कुठं चाललाव?"

"मासे बघायला," तुम्ही म्हणालात.

"आज?"

"मासे थांबत न्हाईत हो."

त्यानं तुमच्या कपाळावरची विभूती बघितली, माझ्या हातातली बादली बघितली, आणि वैतागून म्हणाला, "जा बाबा, जा. पण मोठ्यानं बोलू नका कुठं." पुढं गेल्यावर तुम्ही हसत होता. मग सायकल हळू केलीत. "एका नावासाठी एवढी वर्षं," म्हणालात. "आणि आपल्याकडं एक नाव आहे, ते घ्यावं की नाही ते कळत नाही."

कोळ्या-भोयांना विचारत, जाळी बघत आपण त्या थंडीत बरंच फिरलो. एकही आजारी रोहू दिसला नाही. मी म्हणालो, संपलं असेल, नदीत टिकला नसेल. तुम्ही नेहमीसारखं म्हणालात, "दिसला नाही एवढंच लिही. नाही, असं लिहू नको."

उन्हाळ्यात तुमचे पाय सुजायला लागले. औरंगाबादच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि तुमच्या किडन्यांच्या आजाराचं एक लांबलचक नाव सांगितलं. मी शेजारी उभा होतो. तुम्ही ते नाव शांतपणे पुन्हा उच्चारलंत, स्पेलिंग विचारलंत. मग माझ्याकडं बघून म्हणालात, "नाव तर कळलं. आता तुझी माय काय विचारील?"

मला तेव्हा हसता आलं नाही. आजही येत नाही. तुम्ही ज्याच्या आकाराचा, आवरणाचा, तो कशानं मरतो आणि कशात वाढतो त्याचा शोध लावलात, त्याचंही औषध नाही. आणि तुमच्या अंगात जे होतं, त्याचं वर्णन तर पुस्तकांत पानं भरून होतं. दोन्हीकडं मी तसाच उभा, हातात थर्मास.

चुडाव्याला मी शेवटचा आलो तेव्हा तुम्ही पडवीत खाटेवर होता. काकूंनी मला आधी हात-पाय धुवायला लावले, सवयीनं, आणि मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कारण मी त्या दिवशी माशांना हातही लावलेला नव्हता. आपण पुन्हा भांडलो, हळू आवाजात. तुम्ही दमलात. म्हणालात, "लिहून पाठव. सगळं मांडून. मी पडल्या पडल्या विचार करतो आणि कळवतो. पण मायला कळेल असं लिही."

मी आठवड्याच्या आत लिहिलं. शिवानंद परवा सांगत होता, पत्र पोचलं होतं. त्यानं वाचून दाखवलं. तुम्ही म्हणालात, "पुन्हा वाच." पुन्हा ऐकून तुम्ही डोळे मिटलेत आणि म्हणालात, "उद्या सांगतो."

तो उद्या आला नाही, सर. मामा परवा चुडाव्याला आला होता, सगळ्यात मागं उभा होता. परत येताना गाडीत मला म्हणाला, "आसरांनी आमचं ऐकलं, अन् अप्पांसाठी म्या काई नवस बोललोच न्हाई बघ. सुचलंच न्हाई." मला त्याला त्या सोडलेल्या माशांचं काहीच सांगता आलं नाही. तुम्हालाही आलं नव्हतं.

पावसाळा सरत आलाय. नदी अजून गढूळ आहे. थंडी पडेल तेव्हा पाणी काय सांगायचं ते सांगेल. या मजकुरातही मी आमच्या गावाचं नाव लिहिलेलं नाही, ते तुमच्या ध्यानात आलंच असेल. म्हणजे मी जिंकलो असं नाही. मला अजून तुमचं उत्तर हवंय, एवढंच.

पत्र हे असं होतं.

परभणी

तीर्थस्वरूप सरांस,
साष्टांग नमस्कार.

त्या दिवशी गाडी पूर्णा स्टेशनात फार वेळ थांबली, त्यामुळे घरी पोचायला उशीर झाला. काकूंनी दिलेली शेंगांची चटणी मायला फार आवडली. ती म्हणते, अप्पांना सांग, मीठ खायचं नाही म्हणजे नाही. हे तिला कुणी सांगितलं, मला माहीत नाही.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे मांडतो.

आपल्याला एक विषाणू सापडला आहे. तो रोहू माशाला होतो. गोळीसारखा दिसतो. गाळणीतून पार होतो. क्लोरोफॉर्मनं, आंबटानं, सुकवल्यानं मरतो. थंडीत उठतो, उन्हाळ्यात दबतो. जो मासा वाचतो, त्याच्या अंगात तो राहतो. त्याच्यावर औषध नाही. हे सगळं आपण तपासलं आहे आणि यातलं एकही वाक्य मला बदलायचं नाही.

तो कुठं सापडला, हे लिहायचं राहिलं आहे.

गावाचं नाव लिहिलं, तर खालच्या लोकांना सावध होता येईल. पण त्यांना मामाचंही नाव कळेल, आणि मामाला स्वतःच्या हातून काय झालं ते कळेल. नाव नाही लिहिलं, तर मामा सुखात राहील, आणि एखाद्या थंडीत खाली कुणाचा तरी तलाव रिकामा होईल, त्याला कारण कळणार नाही. मी दोन्ही बाजूंनी लिहून पाहिलं. दोन्ही मायला वाचून दाखवलं. ती म्हणाली, अप्पांना विचार.

मामानं तलावात नवीन पिलं सोडली आहेत. तो रोज सकाळी काठावर जाऊन बसतो. परवा मला म्हणाला, अप्पांना म्हणावं लवकर बरे व्हा, तुम्हाला खाता येत नसलं तरी बघायला या, कशी चमकायलीत.

सर, तुम्ही मला नेहमी म्हणायचात, नाव घाईनं ठेवू नये. मी घाई करत नाही. कागद टाइप करून ठेवला आहे. बाकी सगळं भरलं आहे, नावाची जागा तेवढी कोरी आहे. तुम्ही सांगाल ते मी स्वतः पेननं लिहीन. मला पटलं नाही तरी लिहीन. फक्त थंडी पडायच्या आत कळवा.

तब्येतीला जपा. फळं लपवून खाऊ नका, आधी काकूंना विचारा.

तुमच्या उत्तराची वाट बघतो.

आपला,
दत्ता